बिनखिशाचा झगा

४ सप्टेंबर

वहिनी,

ख्यालीखुशाली राहू दे. आधी गाऱ्हाणं. कालपासून माझ्या खाटेवर एक खोकं येऊन पडलंय. मी ते उघडते, आत बघते आणि पुन्हा बंद करते. सापाची टोपली घेऊन बसलेल्या गारुड्याची अवस्था झाली आहे, फरक इतकाच की गारुड्याला पुंगी येते.

फोन करणार होते. पण दिवसभर माइकवर बोटींच्या वेळा नि धक्क्यांचे क्रमांक सांगून झाले की घरी माझ्या तोंडून 'हं'सुद्धा निघत नाही, हे तुला नव्याने काय सांगू? दादा तर म्हणतोच, की ही पगारी बोलते आणि फुकट गप्प बसते. म्हणून हे पत्र.

आमची घोषणेची खोली तू पाहिली आहेस. जुन्या इमारतीत, जिन्याखाली, बिनखिडकीची. वीस-बावीस वर्षं मी तिथून बोलतेय. बोटीने येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या जगाने मला ऐकलं आणि एकानेही पाहिलं नाही. निर्गुण निराकार म्हणतात तशी होते. शर्ट, पँट, तपकिरी बूट. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

आता सगुण साकार होण्याचा हुकूम निघालाय. पुढच्या महिन्यात नवं दालन उघडतंय. त्याच्या मधोमध काचेची खोली, तीत माइक, आणि माइकपुढे मी. काच कशी, तर छतापासून जमिनीपर्यंत. नवे साहेब म्हणाले, "बाई, आता तुम्ही आमचा चेहरा." मी म्हटलं, चेहरा आहे तो हा असा आहे. ते हसले आणि त्यांनी खोकं पुढे सरकवलं.

आत झगा आहे. आकाशी, गुडघ्यापर्यंत, कंबरेशी आवळलेला, खांद्यांवर फुगे, गळ्याशी फुलासारखी गाठ. सोबत उंच टाचा. "दर्शनी भागातल्या सर्व महिला कर्मचाऱ्यांसाठी." तिकिटाच्या खिडकीतल्या मुलींनी घालूनही पाहिला, आणि खरंच सांगते, छान दिसल्या. त्याला खिसा नाही. एकही नाही. बाईमाणसाने रुमाल कुठे ठेवावा, याचा विचार कुठल्याच आचार्याने केलेला दिसत नाही.

इथवर थट्टा. आता खरं. गेल्या वर्षी आमच्या तारवाल्याने (कर्णे, माइक, वायरी सगळं तो बघतो) माझ्याकडून सगळे आकडे, सगळे वार, सगळी बंदरं एकदा वाचून घेऊन ध्वनिमुद्रित केली होती. "कधी तुम्ही आजारी पडलात तर असू दे, चाचणीपुरतं." आता साहेब म्हणतात, की नियम न पाळता कुणाला काचेत बसवता येणार नाही. आणि घोषणेसाठी माणूस लागतोच असंही नाही, बाईंचा आवाज आपल्याकडे आहेच.

म्हणजे झगा घातला तर मी बोलणार, नाही घातला तर मीच बोलणार, फक्त मी नसताना. पन्नाशीला आल्यावर मला माझ्याच आवाजाची सवत व्हायची वेळ आली आहे.

तू कापडातली जाणती. सांग, काय करू? आणि आधी हसून घे, मग लिही.

तुझी,
वन्सं

•

९ सप्टेंबर

वन्सं,

तुम्ही सांगितलंत म्हणून आधी हसून घेतलं. तुमच्या दादांनी पेपरातून डोकं काढून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "तुमच्या बहिणीला झगा आलाय." त्यांनी पेपर खाली ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बातमी वाचताना पेपर खाली ठेवलेला मी पहिल्यांदा पाहिला.

अहो, एवढं काय घाबरायचं! आठ तासांचा तर प्रश्न. नाटकात काम करतोय असं समजायचं. वेळ झाली की उतरवला, खुंटीला टांगला, आपण मोकळ्या. माझ्या लग्नात तुम्ही दादांचा कोट घालून आलात, माझ्या माहेरच्या बायका अजून आठवण काढतात. तेव्हा दोनशे माणसांसमोर घाबरला नाहीत आणि आता काचेला घाबरता?

मला कळतंय तुमचं दुखणं. पिंढऱ्यांचा संकोच वाटतोय ना? या वयात सगळ्यांनाच वाटतो. जाड मोजे घाला. कंबरेत घट्ट असेल तर मला माप पाठवा, शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापडाची माया नक्की असेल, मी सोडवून देते. खिसाही लावते आतून, कुणाला दिसणार नाही असा. रोज घरी तासभर घालून हिंडा, अंग सरावेल. नवे बूटसुद्धा चार दिवस चावतातच.

आणि गळ्याची ती गाठ नीट बांधता आली ना, तर तुमची मान लांब आहे, फार शोभेल. हे मी किती वर्षं म्हणतेय.

तुमची,
वहिनी

•

१७ सप्टेंबर

वहिनी,

तुझ्या पत्रातला पूर्वपक्ष वाचला. पिंढऱ्या, माया, मान. मुद्देसूद आहे. फक्त आजार एकाचा आणि औषध दुसऱ्याला, असं झालंय.

तरी तुझं ऐकलं. घरी घातला. आरशात एक बाई उभी होती. दिसायला बरी होती. माझी तिच्याशी ओळख नव्हती.

हे तुला कसं समजावू? तुला नवं कापड अंगाला लागलं की हुरूप येतो, मी पाहिलंय, तुझा चेहरा उजळतो. तो खोटा नसतो. तसाच माझा शर्टाची बटणं लावताना होतो, फक्त माझ्याकडे बघून कुणी 'अगंबाई, किती छान' म्हणत नाही, म्हणून तुला ठाऊक नाही. तू नाटक म्हणालीस. सोंग घेतलेल्या माणसाला एकच धास्ती असते, आपण पकडले जाऊ ही. जगाच्या हिशेबाने ती धास्ती मला पँटमध्ये वाटायला हवी. मला ती झग्यात वाटते. वाटतं, आता कुणीतरी काचेवर टकटक करून विचारेल, "काय हो, हे कपडे कुणाचे घालून बसलात?"

तुझ्या लग्नातल्या कोटाचं म्हणशील, तर त्या दिवशी दोनशे माणसांनी मला पाहिलं. झग्यात ते दुसऱ्याच कुणाला तरी पाहतील.

मंगळवारी साहेबांनी सराव ठेवला. दुपारी, दोन बोटींच्या मधल्या निवांत वेळी. दालनात अजून रंगकाम चालू आहे. टाचांवर तोल सावरत मी काचेच्या खोलीपर्यंत गेले, तेवढ्यात तिकीटवाल्या मुलींनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मला पळून जावंसं वाटलं. बसले. माइक उघडला. आणि वहिनी, आवाज आला तो माझा नव्हता. बारीक, वर चढलेला, शाळेत फळ्यासमोर उभं केलेल्या पोरीसारखा. लहानपणापासून घोकून घोकून ज्या उच्चारांना घासलं-पुसलं, ते सगळे ऐन वेळी कुठे पळाले कुणास ठाऊक. धक्का दोन म्हणायचं ते तीन म्हणाले. शिडीवरच्या रंगाऱ्याने ब्रश थांबवून माझ्याकडे पाहिलं.

साहेब म्हणाले, "असू दे, असू दे." आणि तारवाल्याला खूण केली.

मग मी ऐकलं. रिकाम्या दालनात, चारी कर्ण्यांतून, मी बोलत होते. स्वच्छ, गोड, बिनचूक. धक्का दोन. मी काचेत तोंड मिटून बसलेली आणि मीच वर बोलतेय. काहीतरी चुकत होतं ते मला लगेच कळेना. मग कळलं, ती श्वास घेत नाही. तारवाला अभिमानाने म्हणाला, "मधले श्वास काढून टाकलेत मी. साफ केलंय."

घरी येऊन अंगावर शाल घेतली तरी थंडी जाईना.

आता सल्ला नको. फक्त मला कळलं, एवढं लिहिलंस तरी पुरे.

वन्सं

•

२१ सप्टेंबर

वन्सं,

कळलं हो कळलं. मी मेली कापडाच्या पलीकडे बघतच नाही. दोनदा वाचलं पत्र, आणि दुसऱ्यांदा वाचताना मला तुमच्या त्या बिनश्वासाच्या बाईची भीती वाटली. स्वयंपाकघरात एकटी होते, रेडिओ बंद केला.

पण तुम्ही काळजी करू नका. मार्ग निघेल. निघतोच. माणसं काही दगड नसतात, समजावून सांगितलं की समजतात. तुमचं काय आहे, तुम्हाला स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. दुसऱ्यांना बोटी दाखवाल, स्वतः धक्क्यावर उभ्या राहाल.

तुमचे साहेब सकाळी कचेरीत किती वाजता येतात हो? उगाच विचारतेय. बोटीच्या तिकिटामागे कचेरीचा फोन छापलेला असतो, तो त्यांच्याच टेबलावर वाजतो का?

पोळ्या करपतायत, थांबते. नीट जेवत जा. आणि टाचा घालून जिना उतरू नका.

वहिनी

•

३० सप्टेंबर

वहिनी,

इथे विपरीत घडतंय. तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

सोमवारी साहेबांनी बोलावलं. मी झगा पिशवीत घालूनच गेले, म्हटलं आज निकाल लागणार. तर साहेब साखरेच्या पाकातून काढल्यासारखे. खुर्ची स्वतः ओढून दिली. "बसा, बसा. पाणी घेता? दगदग नको." हा मनुष्य महिन्याच्या सुरुवातीला मला 'चेहरा' म्हणत होता, आता 'ताई' म्हणायला लागला. म्हणाले, "झग्याचा आग्रह आम्ही सोडला आहे. आधीच सांगायचं की!"

मी म्हटलं, काय सांगायचं?

"त्यात लाजायचं काय? प्रकृती आहे, कुणाचीही बिघडते."

मला वाटलं, बाबा, बिघडली तर बिघडली, झगा तर गेला! आभार मानून उठले. दारात तारवाला भेटला. त्याची नजर खाली. तो म्हणाला, "तुम्हाला तळघरात देतायत, बाई. हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत. बसून काम, कपड्यांचं बंधन नाही. काचेत आता तुमच्या आवाजाचं मुद्रण वाजणार, सगळं. चक्कर येऊन पडणाऱ्या माणसाला माइकवर एकटं बसवता येत नाही, धुक्याच्या दिवसांत तर नाहीच, असं म्हणाले."

चक्कर? मला? मी आयुष्यात एकदाच पडले, आणि तेही दादाने खुर्ची ओढली होती म्हणून.

येत्या शुक्रवारी कंपनीच्या डॉक्टरांकडे जायचंय. छत्र्या आणि एकेकटे हातमोजे सांभाळत मी उरलेली वर्षं काढीन, त्याचंही एवढं नाही, छत्र्यांचा सहवास काही वाईट नसतो. पण डोक्यावरच्या कर्ण्यांतून दिवसभर ती बोलणार. मी खाली. ती वर.

आणि सगळ्यात भीतीचं असं, की मलाच आता खात्री वाटेनाशी झाली आहे. आज सकाळच्या पाळीत दोनदा खुर्चीचे हात घट्ट धरले. सरावाच्या दिवशी तो आवाज चढला, ते काय होतं? मला न कळता मला काही होतंय आणि बघणाऱ्यांना दिसतंय, असं तर नाही ना? आजार ऐकून ऐकूनही जडतो म्हणतात. त्यांना हे सांगितलं कुणी, तेवढं कळलं तरी मी धड झोपेन.

वन्सं

•

२ ऑक्टोबर

वन्सं,

मी. मी सांगितलं.

पत्र मिळालं तशी घाईने लिहितेय, अक्षर लावून घ्या.

तुमचं ते सतरा तारखेचं पत्र वाचल्यावर मला राहवलं नाही. मी कचेरीत फोन केला. साहेबच होते. मी म्हटलं, मी त्यांची भावजय बोलतेय. म्हटलं, आमच्या वन्संना तो झगा नको. ते म्हणाले, का बरं? आणि वन्सं, तिथे माझी अक्कल संपली. 'त्यांना आवडत नाही' एवढंच खरं होतं, पण ते मला इतकं पोकळ वाटलं! आवडत नाही म्हणून कुणी काही सोडतं का? मला वाटलं, काहीतरी भरीव कारण हवं. म्हणून म्हटलं, घट्ट कपड्यात त्यांचा जीव घाबरतो. ते म्हणाले, म्हणजे? मी म्हटलं, चक्कर येते. ते म्हणाले, पडल्यात का कधी? मी म्हटलं, हो, एकदा. एकावर दुसरा टाका घालत गेले आणि शेवटी असं काही शिवून ठेवलं की त्यात तुम्हीच अडकलात.

फोन ठेवल्यावर मी खूश होते हो. तुमच्या दादांना म्हटलं, मी काम फत्ते केलं. ते म्हणाले, "तिला विचारलंस?" मी म्हटलं, त्यांना विचारलं तर त्या नको म्हणतील. यावर त्यांनी पेपर उचलून तोंडापुढे धरला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तुम्ही ठणठणीत आहात. तुम्हाला काहीही झालेलं नाही. खुर्चीचे हात धरू नका, तुमच्या पाया पडते. तो आजार माझ्या तोंडातून निघालाय, तुमच्या अंगात नाही.

मी पुन्हा फोन करते. सांगते, मी खोटं बोलले. तुम्ही फक्त हो म्हणा. नाहीतर मीच पहिल्या बोटीने येते.

शिव्या द्या, पण उत्तर द्या.

वहिनी

•

१३ ऑक्टोबर

वहिनी,

उत्तर द्यायला उशीर केला. मुद्दाम केला. पहिले काही दिवस जे लिहिलं असतं ते तुला जन्मभर पुरलं असतं, म्हणून कागदच हाती घेतला नाही. माझ्यातर्फे बोलायची सवय इथे आधीच एकीला लागली आहे, त्यात दुसरी नको होती. राग आहे. तो हळूहळू ओसरेल, भरतीसारखा, तू काठावर उभी राहून हाका मारू नकोस.

फोन केला नाहीस, हे बरं केलंस.

डॉक्टरांकडे गेलेच नाही. त्या शुक्रवारी सरळ साहेबांच्या खोलीत गेले. शर्ट, पँट, बूट. दाराबाहेर उभी होते. वाटलं, आजार आहे म्हणावं, खाली जावं, छत्र्या मोजाव्यात. किती सोपं होतं! तू सगळं शिवून तयारच ठेवलं होतंस, मला फक्त हात घालायचे होते.

आत गेले. ते म्हणाले, "ताई, तुम्ही आज डॉक्टरांकडे..."

"मला काही झालेलं नाही. मी कधी चक्कर येऊन पडलेली नाही."

"पण तुमच्या घरच्यांनी—"

"माझ्या वहिनीला काळजी वाटली, ती खोटं बोलली. मला तो झगा घालायचा नाही. एवढाच माझा आजार."

ते खुर्चीत मागे रेलले. ताई लगेच बाई झाल्या. "म्हणजे तत्त्वाचा प्रश्न आहे तर, बाई."

"तत्त्व फार मोठं झालं. मला नाही आवडत. त्या कपड्यांत मी मला सापडत नाही, आणि आवाजही सापडत नाही. तुम्ही ऐकलंत."

"बाकीच्या मुलींची काही तक्रार नाही."

"त्यांना आवडतो. त्यांना शोभतोही. माझं त्यांच्याशी भांडण नाही."

"लोक काय म्हणतील?"

"लोक विचारतील, बोट कुठल्या धक्क्यावर लागणार."

यावर ते हसले नाहीत. म्हणाले, "काचेत पुरुष बसला असता तर त्याला आम्ही निळा कोट-पँट दिला असता. तुम्हाला तो हवा?"

त्यांनी टोमणा मारला होता. मी म्हटलं, "हो. तोच द्या. तुमचाच रंग, तुमचाच बिल्ला. मी रोज इस्त्री करून येईन."

त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. म्हणाले, "बाई, मला तुमची गरज नाही. मुद्रण आहे."

या वाक्याचीच मला महिनाभर भीती होती, ते ऐकलं आणि आतून सगळं रिकामं झालं. त्या रिकाम्यातून कोण बोललं कुणास ठाऊक. "तो आवाज मी चाचणीपुरता दिला होता. काढून टाका. माझा आवाज हवा असेल तर माझ्या पँटसकट घ्या. नसेल तर दुसरा शोधा."

बोलून झाल्यावर मी स्वतः ते ऐकलं. वहिनी, मी भिंतीला हात टेकला. त्यांनी बघितलं असेल तर चक्करच समजले असतील.

साहेबांनी तारवाल्याला बोलावलं. काढायचं ठरलं तर दुसरा आवाज केव्हापर्यंत होईल, असं विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तोवर उद्घाटन होऊन जाईल, साहेब."

तर असं ठरलंय. उद्घाटनाच्या दिवशी, पंचवीसला, मी निळ्या कोट-पँटमध्ये काचेत बसायचं. संचालक येतील, दिवसभर असतील. मुद्रण तयार ठेवायचं, तारवाला बटणापाशी उभा राहणार. साहेब म्हणाले, "कुणी एकानेही भुवई उंचावली किंवा तुमचा आवाज त्या दिवशीसारखा झाला, तर मी तिथल्या तिथे बटण दाबायला लावीन. मग तुमचा आवाज कुणाचा, ते वकील बघतील."

तेव्हा घोषणा करताना एक डोळा वेळापत्रकावर, एक भुवयांवर. भीती वाटते. लपवत नाही. सकाळी दूध पितानासुद्धा वाटते.

एक काम आहे. पुरुषांचा तो निळा कोट-पँट माझ्या अंगाला कुठूनच बसत नाही, खांदे कोपरापर्यंत येतात. कापड आणि मापं सोबत पाठवतेय. तू शिवून दे. जसाच्या तसा, सरळ. कंबरेत घेऊ नकोस, कॉलरला काही करू नकोस. खिसे चार.

आणि त्या दिवशी येऊ नकोस. तू दिसलीस तर मला बोलता येणार नाही.

वन्सं

•

२६ ऑक्टोबर

वन्सं,

आज 'तुम्ही' म्हणवत नाही गं. एवढं एक पत्र चालवून घे.

कोट वेळेवर मिळाला हे तुझ्या चिठ्ठीवरून कळलं होतं. कंबरेत एक चुणी घ्यायला माझे हात किती शिवशिवले, ते माझं मलाच माहीत. दोनदा टाचणी लावली आणि दोनदा काढली. नाही घेतली. एवढं सांगून ठेवते.

आणि आता रागावायचं असेल तर रागाव. मी आले होते.

दुपारच्या बोटीने आले. तुझ्याकडे मुक्कामाला येतेय म्हणून घरी सांगितलं होतं, पिशवीत तुझ्यासाठी मुरांबाही होता. दालनात शिरले आणि खांबाआड उभी राहिले. मला भुवया बघायच्या होत्या. ठरवूनच आले होते की कुणाची उंचावलेली दिसली तर मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहीन, मग काय व्हायचं ते होवो.

आणि तू दिसलीस.

इतकी वर्षं मी तुला पाहतेय. तुझ्या अंगावरच्या कपड्यांकडे मी नेहमी दुरुस्त करायच्या नजरेने पाहिलं, हे मला त्या खांबाआड कळलं. निळा कोट, ताठ मान, केस मागे. कोट मीच शिवलेला, टाका न् टाका माझ्या ओळखीचा, पण त्यात बसलेली तू मला नव्याने दिसलीस. शोभतं का, हा विचारच मनात आला नाही.

तू बोलत होतीस. आवाज अगदी तुझा, सावकाश, भरीव. लोक पिशव्या सांभाळत ऐकत होते. पण काच जमिनीपर्यंत आहे ना गं. टेबलाखाली तुझे पाय दिसत होते. दोन्ही पाय थरथरत होते. वर आवाजात एक ओरखडा नाही आणि खाली तू घोंगावत्या वाऱ्यात सापडल्यासारखी. आजूबाजूला कुणाचं लक्ष नव्हतं. माझं तिथून हलेना. संचालकांच्या भुवया बघायला आलेली मी, एकही पाहिली नाही.

संध्याकाळी धुकं आलं. परतीच्या बोटींचे धक्के बदलले, लोक गोंधळले, सगळे कर्ण्यांकडे बघायला लागले. तू सुरुवात केलीस आणि मधेच थांबलीस. वाक्य अर्धं. मला वाटलं, मला पाहिलंस. मी खांबामागे इतकी आत सरकले की कोपर सोललं. तुझे साहेब माझ्यापासून चार पावलांवर उभे होते, शेजारी तो तारवाला, बटणावर बोट. साहेबांनी हात वर केला. मी डोळे मिटले.

मग तू म्हणालीस, "क्षमा करा. पुन्हा सांगते." आणि पहिल्यापासून सगळं सांगितलंस, एकेक बोट, एकेक धक्का, जसं एखाद्या म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून सांगावं तसं. डोळे उघडले तेव्हा साहेबांचा हात वरच होता, पण ते तारवाल्याकडे बघत नव्हते. ऐकत होते. ऐकता ऐकता तो हात त्यांनी डोक्यावरून फिरवला, जणू केस नीट करायलाच उचलला होता.

तारवाल्याने विचारलं, "काय करू?" ते म्हणाले, "राहू दे. उद्या सकाळच्या पाळीलाही बाईच बसू देत. पुढचं पुढे."

म्हणजे एक दिवस मिळालाय, वन्सं. आजचा. त्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. यापुढे तुझ्यातर्फे मी कुणाला काही विचारणार नाही.

काचेपाशी यावं असं फार वाटलं. पण तुझे पाय अजून थांबले नव्हते. मला पाहिलं असतंस तर आवाजही गेला असता. म्हणून तुला न भेटताच परत फिरले. मुरांबा माझ्याकडेच राहिला.

बाहेर हाताला हात दिसत नव्हता. पाण्याचा आवाज सगळीकडून येत होता, कड कुठे आहे तेच कळेना. माझ्यासारख्याच बोटीकडे निघालेल्या बायका घाबरल्या, म्हणाल्या, थांबू या, कुणाला तरी विचारू या. मी म्हटलं, सांगितलंय की, धक्का चार. आणि त्या धुक्यात, पुढचं पाऊल दिसत नसताना, मी चालत गेले.

बोट तिथेच होती.

तुझी,
वहिनी